शेजार धरणारी लाईन

आमच्या लाईनीवर एखादी बाई आली नाही, तर ती गैरहजर आहे असं आम्ही म्हणत नसू. "आज तिचा शेजार कोण धरतंय?" एवढंच विचारायचो. मग तिच्या डावीकडची आणि उजवीकडची अशा दोघी तिचं काम आपसांत वाटून घ्यायच्या आणि बोर्ड पुढे सरकत राहायचा. 'शेजार' हा शब्द आमचा आम्हीच काढलेला. कंपनीत तो कुठल्या भिंतीवर लिहिलेला नव्हता. भिंतीवरचे शब्द इंग्रजीत होते आणि त्यांच्याखालून आम्ही रोज डबे घेऊन कॅन्टीनला जायचो.

काम काय ते आधी सांगते. दुचाकीच्या पोटात वायरींचा एक जुडगा असतो. हॉर्न, हेडलाईट, ब्रेकचा दिवा, सगळं त्याला जोडलेलं. त्याला हार्नेस म्हणतात. शहराबाहेर शेंद्र्याच्या एका कारखान्यात आम्ही बायका तो बनवतो. मोठाले बोर्ड पट्ट्यावरून गोल फिरत असतात आणि आम्ही बाजूला ओळीनं उभ्या. एक जण वायरी अंथरते, दुसरी त्यांच्या टोकांना कनेक्टर बसवते, तिसरी टेप गुंडाळते, पुढची हीटरवर प्लॅस्टिकची नळी तापवून आवळून बसवते. बोर्ड कुणासाठी थांबत नाही. एकीचं काम राहिलं की ते पुढचीच्या डोक्यावर बसतं, मग तिचंही राहतं, आणि शेवटी दोरी ओढून लाईन थांबवावी लागते. लाईन थांबली की वर लाल दिवा लागतो आणि ऑफिसातली माणसं धावत येतात.

मी या लाईनीची लीडर. राहते पडेगावला. कंपनीची बस छावणी, क्रांती चौक करत जालना रोडनं शेंद्र्याला पोचते तोवर निम्म्या बायकांची झोप पुरी झालेली असते. माझी होत नाही, कारण आज कोण चढलं नाही हे बघत बसायची मला खोड आहे. माझ्या नाकावर राग असतो हे माझ्या माहेरचेही सांगतील. लाईनीवर मी पुष्कळ ओरडलेय. पण बाहेरच्या कुणी आमच्या लाईनीला नाव ठेवलं, तर मी त्याला सोडत नसे.

शेजाराची सुरुवात रमजानात झाली. ऐन उन्हाळ्यातला रमजान होता आणि हीटरवर आपा. आपा म्हणजे हर्सूलची, माझ्याच वयाची, पण सगळी लाईन तिला आपाच म्हणते म्हणून मीही म्हणते. रोजा ठेवून ती दिवसभर त्या गरम हवेपुढे उभी राहायची. तक्रार करणं तिच्या स्वभावातच नाही. ओठ पांढरे पडलेले, बोलणं बंद. मला बघवेना. म्हटलं, "आपा, उद्यापासून तू टेपिंगला उभी राहा."

"और हीटर पे कौन, तेरा नवरा?" ती म्हणाली.

"तो घरी चहासुद्धा तापवत नाही. मी राहते."

"कायकू तकलीफ करती. मेरेकू आदत है."

पण दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी जाऊन हीटरपुढे उभी राहिले. मग माझ्या महालक्ष्म्यांच्या वेळी मी रजेवर, तर माझं काम आपानं ओढलं. "जा तू, आणि पुरणाचं आण," एवढीच तिची अट. हळूहळू सगळ्याच जणी शिकल्या. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या वेळात एकमेकींच्या जागेवर उभं राहून हात बसवून घ्यायचा. शिकवायला कुणी मास्तर नव्हता, हसायला मात्र सगळ्या होत्या. कनेक्टर बसवणाऱ्या शेंद्रेवालीच्या घरी मेंढरं. तिनं पहिल्यांदा टेप गुंडाळली तेव्हा आपा तिला म्हणाली होती, "हार्नेस है बाई, तुझ्या मेंढराचा मोडलेला पाय नाय."

असं नव्हतं की सगळं गोडीगुलाबीनं चालायचं. एक जण दुसरीचा शेजार धरायला कायम कुरकुर करायची आणि स्वतः मात्र लग्नसराईत बिनदिक्कत दांड्या मारायची. तिच्याशी माझी भांडणं व्हायची, तीही सगळ्यांसमोर. पण दांडी मारायच्या आदल्या दिवशी सांगायचं, नाहीतर सकाळी बस निघायच्या आत मला मिसकॉल द्यायचा, हा नियम तीसुद्धा पाळायची. मिसकॉल आला की मी बसमध्येच दोघींना सांगून टाकायची. शेंद्र्याला उतरेपर्यंत शेजार ठरलेला असायचा. दुसऱ्या लाईनींवर लाल दिवे लागायचे. आमच्याकडे तो लागला की माणसं आश्चर्यानं बघायची. आमचा मालही परत येत नसे, कारण प्रत्येकीला पुढचीचं आणि मागचीचं काम ठाऊक होतं. मागचीनं कनेक्टर उलटा बसवला असेल तर टेप गुंडाळणारीच्या हाताला तो कळायचा.

शेजार सगळ्यात जास्त लागायचा शेंद्रेवालीला. ती शेंद्र्याच्या पलीकडच्या एका गावची, धनगराच्या घरातली. नवरा मेंढरं घेऊन फिरतीवर. कळप हलवायचा असला, मेंढ्या व्यायला आल्या, की तिला दोन-तीन दिवस जावंच लागायचं. ती आल्यावर इतकं झपाटून काम करायची की तिच्याबद्दल कुणाच्या मनात कडूपणा राहत नसे. हात लई जलद. कनेक्टर बसताना होणारा 'टक्' असा आवाज तिच्याकडून एका लयीत यायचा. ती कॉन्ट्रॅक्टवर होती. मी आणि आपा पर्मनंट, ती नाही.

तिला पर्मनंट व्हायचं होतं. लाईनीवरच्या प्रत्येकीला हे माहीत होतं, कारण ती ते लपवायची नाही. एकदा कॅन्टीनमध्ये भाकरी मोडता मोडता मला म्हणाली, "ताई, माणूस म्हणतो, तुझी नोकरी पक्की झाली की मेंढरं इकून टाकू अन् इथंच ऱ्हाऊ. नाय झाली तर दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर घालायचं अन् समद्यांनी निघायचं. मला पोरीला एका जागी शाळंत ठिवायचंय. दुसरं काय नाय मागत मी."

तिची पोर तेव्हा पाचवीत होती. आई-बापाच्या फिरतीत तिची शाळा दोनदा सुटली होती. मी आपाला म्हटलं, हिचं काम व्हायलाच पाहिजे. आपा म्हणाली, "होना ही चाहिए. नाही तर आपण कशाला आहोत?"

अशात नवे साहेब आले.

पहिल्या दिवसापासून ते वेगळे वाटले. हे शहरातलेच, चिकलठाण्याच्या कामगार वस्तीत वाढलेले, वडील कुठल्याशा कारखान्यात फिटर. आम्हाला 'ताई' म्हणायचे, आणि ते म्हणणं वरवरचं वाटत नसे. आधीचे साहेब काचेच्या केबिनमधून बघायचे. हे लाईनीच्या मागं स्टूल टाकून बसायचे. जेवायला आमच्या टेबलावर. शेंद्रेवालीच्या डब्यातला ठेचा मागून घ्यायचे आणि डोळ्यांत पाणी आलं तरी खायचे. एका दुपारी ते स्वतः हीटरवर उभे राहिले. बोट भाजलं. आपानं डब्यातल्या पोळीवरचं तूप त्याला लावलं. "साहब, ये लिखने-पढने का काम नहीं है," ती म्हणाली, तर ते मनापासून हसले. त्या दिवशी बसमध्ये सगळ्या त्यांच्याचबद्दल बोलत होत्या.

ते कित्येक दिवस आमची लाईन बघत बसले. मग एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मला एक कळत नाही. दुसऱ्या लाईनीवर एक माणूस कमी असलं की बोंबाबोंब होते. तुमच्याकडे आज दोघी नाहीत आणि तरी टार्गेट पूर्ण. हे कसं?"

मी त्यांना शेजार सांगितला. रमजानापासून सगळं सांगितलं. मिसकॉलचं सांगितलं, महालक्ष्म्यांचं सांगितलं, भांडणंसुद्धा सांगितली. यात मी काही चूक केली असं मला आजही वाटत नाही. चांगल्या गोष्टीबद्दल कुणी आपुलकीनं विचारलं तर माणूस सांगणारच. त्यांनी मान हलवत हलवत सगळं ऐकलं. म्हणाले, "लोक हे शिकायला परदेशात जातात, ताई. चांगली संस्था कशी उभी राहते यावर मोठमोठी व्याख्यानं असतात. तुम्ही ते इथं करून बसलात आणि कुणाला पत्ता नाही."

आम्हाला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं काय असतं ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण झाड इतकं छान होतं की चढले.

त्यानंतर त्यांनी सांगितलं की कंपनीच्या सगळ्या कारखान्यांमधून सर्वात उत्तम काम करणारी टीम निवडायची आहे. पाहुणे येतील, बघतील. मग लाईनीसमोर उभं राहून, बोर्डावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमचा पहिला नंबर आला तर शेंद्र्याच्या ताईंना पर्मनंट करायची जबाबदारी माझी."

शेंद्रेवालीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. खरं का, असं ते बघणं होतं. मी मान हलवली.

नंतरचे दिवस आम्ही पेटलो होतो. कुरकुर करणारीनंसुद्धा त्या काळात एक दांडी मारली नाही. आपानं लाईनीवरचे सगळे ॲप्रन घरी नेऊन धुऊन आणले, कारण कंपनीत धुतलेल्यांना वास राहतो म्हणे. मला चार वाक्यं बोलायची होती तर मी ती पडेगावात गच्चीवर कपडे वाळत घालताना पाठ करायचे. शेंद्रेवाली सुट्टीतही कामावर येत होती. तिचा नवरा गावात आला होता आणि वाट बघत होता. तिनं त्याला सांगून टाकलं होतं की यंदा निघायचं नाही.

पाहुणे आले त्या दिवशी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. त्यांच्यातल्या एक बाई फार मन लावून बघत होत्या. साहेब त्यांना समजावून सांगत होते. मग ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, नुसतं सांगून उपयोग नाही, शेजार प्रत्यक्ष दाखवू. एकीला बाजूला उभं करा."

"कुणाला?"

"शेंद्र्याच्या ताईंना करा. त्यांची जागा मधोमध आहे, पाहुण्यांना नीट दिसेल."

शेंद्रेवाली ॲप्रन सारखा करत बाजूला झाली. भिंतीला टेकून हात बांधून उभी राहिली. मी वायरींवर, आपा त्या दिवशी टेपिंगला; आम्ही दोघींनी तिचं काम वाटून घेतलं. बोर्ड आला, आम्ही तो पुढे सोडला. दुसरा आला, तोही सोडला. कुठं अडलं नाही. आपाचा हात त्या दिवशी इतका चालत होता की मीच बघत राहिले. पाहुणे थोडा वेळ बघून आपसांत काही बोलले. साहेब म्हणाले, "आणखी एक?" मी आपाकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. नुकतीच लागलेली एक मुलगी होती, तिलाही आम्ही बाजूला केलं. तरी लाईन चालली. घाम फुटला होता, पाठ मोडत होती, पण एकही बोर्ड अर्धा गेला नाही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मागं भिंतीपाशी उभी राहून शेंद्रेवालीही टाळ्या वाजवत होती. तिच्या तोंडावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता. तिच्यावाचून लाईन किती छान चालते हे बघून ती टाळ्या वाजवत होती. मला ते चित्र अजून झोपू देत नाही.

पहिला नंबर आमचा आला. ढाल मिळाली, पेढे वाटले, फोटो निघाला. फोटोत साहेब शेंद्रेवालीच्या शेजारी उभे आहेत.

त्यानंतर ते आमच्या टेबलावर जेवायला यायचे कमी झाले. मीटिंगा असतील, असं आम्हीच एकमेकींना समजावलं. शेंद्रेवाली दर सोमवारी मला विचारायची, "ताई, काय म्हणले सायेब?" मी म्हणायची, कागद वर गेलेत, वेळ लागतो. हे मला साहेबांनीच सांगितलं होतं. मी ते शब्दशः तिला पोचवत होते आणि तीही ते शब्दशः नवऱ्याला पोचवत असणार.

एका सकाळी गेटवर तिचं कार्ड चाललं नाही. यंत्रानं लाल दिवा दाखवला. तिला वाटलं कार्डाला पाणी लागलं, म्हणून पदरानं पुसून तिनं ते पुन्हा लावलं. मागं रांग लागली होती. वॉचमन म्हणाला, कॉन्ट्रॅक्टरला विचारा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस तिथंच उभा होता, त्याला आधीच सांगून ठेवलेलं. त्या दिवशी बाजूला केलेली नवी मुलगीही गेटबाहेरच राहिली. म्हणजे ज्या दोघींना आम्ही पाहुण्यांसमोर बाजूला उभं केलं होतं, नेमक्या त्याच दोघी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ॲप्रन न घालताच मी केबिनमध्ये गेले. साहेबांनी खुर्ची दिली. मी बसले नाही.

"ताई, हे वरून आलंय," ते म्हणाले. "प्रत्येक लाईनीला माणसं किती लागतात ते नव्यानं ठरवायचं होतं."

"आमच्या लाईनीला किती लागतात ते मला विचारलं का?"

"तुम्हीच दाखवलंत की. दोन माणसं कमी असून लाईन चालली. सगळ्यांनी बघितलं."

मी म्हटलं, "सर, शेजारणीचं पोर आपण तासभर सांभाळतो. म्हणून तिनं ते कायमचं आपल्या घरी टाकायचं नसतं. आम्ही एका दिवसासाठी करतो ते. दुसऱ्या दिवशी ती येणार असते म्हणून करतो."

"ते मला कळतं, ताई."

"मग तुम्ही त्यांना हे सांगितलं का?"

ते म्हणाले, "सांगून पाहिलं." मग समोरच्या कॉम्प्युटरकडे बघत, "उत्तम काम म्हणजे शेवटी तेच असतं. कमी माणसांत तितकंच काम. वाईट वाटतं, पण तसंच असतं."

"आणि तुम्ही शब्द दिला होता तो?"

फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी तो उचलून बघितला.

मी पुष्कळदा विचार केलाय की हा माणूस पहिल्यापासूनच ठरवून आला होता का. ठेचा खाताना डोळ्यांत आलेलं पाणी ठेच्याचंच होतं, हे मला कळतं. पण ते स्टूल टाकून बसणं, ते 'ताई' म्हणणं, ते बोट भाजणं? आपा म्हणते, सुरुवातीला त्याचं मन साफ होतं, नंतर वरून दाब आला. असेलही. मला त्यानं बरं वाटत नाही. उलट जास्त राग येतो. पहिल्यापासून बदमाश असता तर मी त्याला ओळखलं असतं. आपल्यातला म्हणून आला, आमचंच आमच्याकडून शिकला आणि केसानं गळा कापून गेला. आम्ही तिची उणीव एक दिवस भासू दिली नाही, आणि म्हणूनच ती नको ठरली. इतकं साधं त्याचं गणित, आणि ते आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी मी आणि आपा शेंद्रेवालीच्या गावी गेलो. दिवाळी होऊन गेली होती. कुंपणाच्या वाडग्यात मेंढरं कोंबलेली, अंगणात दोन तट्टं उभी आणि त्यांच्यावर बिऱ्हाड चढत होतं. पातेली, गोधड्या, कोंबड्यांचा डालगा. पोरगी उंबऱ्यात बसून आमच्याकडे बघत होती. शाळेचं दप्तर तिनं पाठीवर घेतलेलं होतं, जणू शाळेलाच निघालीय. नवऱ्यानं आम्हाला रामराम केला आणि तो दोरखंड आवळायला लागला. त्याच्या वागण्यात राग नव्हता. बायकोची हौस फिटली असं त्याला वाटत असावं.

शेंद्रेवालीनं चहा केला. आपा रडायला लागली. मी म्हटलं, "माझं ऐक, मी युनियनवाल्यांना भेटते, मी वर पत्र देते."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ताई. निघायचं ठरलंय."

कपबशा विसळून ठेवल्यावर ती पुन्हा आमच्यासमोर येऊन बसली. खालमानेनं, अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघींनी मला लई सांभाळलं. म्या न्हवते तवा एक दिस जरी लाईन बंद पडू दिली असती ना, तर आज म्या आत असते."

त्यात टोमणा नव्हता. तिला जे उमगलं होतं ते तिनं सांगितलं. आपानं तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला नाही. परतताना रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघी रस्त्यानं चालत होतो. मला फसवणाऱ्या माणसाबद्दल मी काय वाटेल ते बोलू शकते. पण तिला आम्ही फसवलं असं तिला वाटत असेल, तर त्यावर मी काय बोलणार? तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

लाईन दोन माणसं कमी घेऊन चालायला लागली. पाहुण्यांसमोर जेवढ्या वेगानं आम्ही एकदा धावलो, तेवढ्या वेगानं आता रोज धावायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाच्या जागेवर उभी राहीना. हात रिकामा असला तरी पलीकडच्या बोर्डाला लावायचा नाही, हे कुणी ठरवलं नाही, पण ठरलं. रमजान आला. मी सवयीनं हीटरकडे गेले तर आपा जागची हलली नाही.

"नको," ती म्हणाली. "मेरेकू इधरिच रहने दे."

"अगं, रोजा आहे ना तुझा."

"है. पर तू उभी राहिलीस इथं, तर उद्या म्हणतील, आपा नसली तरी हीटर चालतं. दिखना मंगता, मैं इधर लगती."

मी माझ्या जागेवर परत आले. महिनाभर मी तिच्याकडे बघायचं टाळलं. पूर्वी मला तिच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांची दया आली होती. आता दया करायचीही चोरी झाली होती.

आणि मग पावसाळ्यात मला ताप आला. हाडं फुटतील असा ताप. इतक्या वर्षांत मी आजारपणाची रजा कधी काढली नव्हती. मिसकॉल द्यायला फोन हातात घेतला आणि कुणाला द्यायचा तेच कळेना. शेवटी आपाला रीतसर फोन करून सांगितलं की येत नाही. ती "अच्छा" म्हणाली आणि फोन ठेवला. दिवसभर अंथरुणात पडून मी एकच विचार करत होते. लाईन चालली असेल का? चालली असेल तर साहेबांनी बघितलं असेल का? लीडर नसूनही चालते असं कुणी कुणाला म्हणालं असेल का? माझा मुलगा कॉलेजात आहे, घराचे हप्ते आहेत. माझं वय आता दुसरीकडे लागायचं राहिलेलं नाही.

संध्याकाळी आपाचा फोन आला. मागं बसचा आवाज येत होता.

"कैसी है तू?"

"लाईन?" मी विचारलं.

"बंद पडली ना. दोन येळा." ती हळू आवाजात बोलत होती. "लाल बत्ती लगी. साहब दौडता आया. पूछा, क्या हुआ, अशी कशी थांबली, पहले तो चलती थी. मैं बोली, पडेगाववाली नाही आली, कैसे चलेंगी? तेरे काम को किसीने हाथ नहीं लगाया. मैंने सबको बोलके रखा था. अब तेरेकू कोई नहीं निकालता. सो जा."

मी फोन ठेवला आणि गोधडी डोक्यावरून घेतली. मला इतकं बरं वाटलं की रडू यायला लागलं. मग त्या बरं वाटण्याचीच मला किळस आली. नवरा चहा घेऊन आला होता. त्यानं विचारलं, काय झालं, कुणाचा फोन होता. मी म्हटलं, लाईन बंद पडली.

तो कपाळावर हात ठेवून म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? तू बरी होऊन गेलीस की चालेल पहिल्यासारखी."

त्याला वाटलं, लाईन बंद पडली म्हणून मी रडतेय. मला ती चालायला नको होती, हे मी त्याला सांगू शकले नाही.